पट्ट्याखालचं पियर्सिंग: एका टँडम उडीचं प्रकरण

सव्वीस वर्षांची एक तरुणी पहिल्यांदाच विमानातून उडी मारणार होती. टँडम उडी, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या छातीला पाठ लावून, त्याच्याच पॅराशूटखाली. तब्येत ठणठणीत, वजन मर्यादेत, औषधं कुठलीही चालू नाहीत. नोंदणी करताना तिने एवढंच विचारलं, "अंगावर पाच ठिकाणी पियर्सिंग आहे. चालेल ना?"

या प्रश्नाला 'चालेल' किंवा 'नाही चालणार' असं एका शब्दाचं उत्तर देणारे खूप भेटतात. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, कारण पाच पियर्सिंग म्हणजे पाच वेगळे प्रश्न. प्रत्येकाची जागा वेगळी, वय वेगळं, दागिना वेगळा आणि त्यावरून जाणारं सामान वेगळं. हे प्रकरण नमुन्याचं आहे. एरवी निरनिराळ्या लोकांकडे सुटे सुटे सापडणारे प्रश्न इथे एकाच व्यक्तीच्या अंगावर एकत्र आणले आहेत आणि ते उडी घडवून आणणाऱ्या इन्स्ट्रक्टरच्या बाजूने सांगितले आहेत.

तिच्या अंगावर काय काय होतं ते आधी पाहू. दोन्ही कानांच्या पाळ्या लहानपणीच टोचलेल्या, त्यात लोंबते डूल. उजव्या कानाच्या वरच्या कडेला, कूर्चेत म्हणजे कडक पण लवचिक भागात, पाच महिन्यांपूर्वीचं पियर्सिंग आणि त्यात बारीक रिंग. डाव्या नाकपुडीत दीड वर्षाची चमकी. जिभेत दोन वर्षांची बारबेल, म्हणजे टोकांना गोळ्या असलेली छोटी दांडी. आणि बेंबीच्या वरच्या कडेला वाकडी बारबेल, जेमतेम दहा आठवड्यांची. तिला काळजी होती ती नाकातल्या चमकीची, कारण ती चेहऱ्यावर, थेट वाऱ्याच्या तोंडी. बेंबीचं तिने सगळ्यात शेवटी, जाता जाता सांगितलं. "ते तर कपड्यांच्या आत आहे," असं म्हणून.

वारा काय करतो, काय करत नाही

टँडम उडीत साधारण ३,००० ते ४,००० मीटर उंचीवरून बाहेर पडतात. मागे छोटं ड्रोग पॅराशूट लावून वेग आवरलेला असतो, तरी तो ताशी १९० ते २०० किलोमीटर असतो. दीड हजार मीटरच्या आसपास मुख्य पॅराशूट उघडतं, म्हणजे हा वारा सोसायचा तो अर्धा ते एक मिनिट. आता हिशेब करून पाहा. दागिन्याची ५ मिलिमीटर व्यासाची गोल गोळी या वेगाच्या वाऱ्यात धरली, तर तिच्यावर येणारा जोर सुमारे सव्वा ग्रॅम वजनाइतका असतो. सव्वा ग्रॅम! आंघोळीनंतर टॉवेलने तोंड पुसताना चमकीवर याच्या कितीतरी पट ताण येतो. त्वचेला चिकटून बसलेला, गुळगुळीत, घट्ट लावलेला छोटा दागिना वाऱ्याने उपटून निघत नाही.

मात्र तोच वारा चार सेंटिमीटर व्यासाच्या पातळ चकतीवर सपाट बाजूने आदळला, तर जोर दोनशे ग्रॅमच्या जवळ जातो. तोही एकसारखा नाही. चकती फडफडते, वळते, पुन्हा आदळते, आणि प्रत्येक हिसका पाळीच्या त्याच एका भोकावर बसतो. शिवाय प्रवाशाच्या डोक्याच्या अगदी मागे इन्स्ट्रक्टरचा चेहरा असतो. सुटलेलं डूल त्याच्या तोंडावर किंवा गॉगलवर जाऊन आपटेल. म्हणून लोंबतं, झुलतं, साखळीचं जे काही असेल ते जमिनीवरच उतरवायचं, यावर चर्चाच नको. तिची डूल काढणं हा पाच प्रश्नांतला सगळ्यात सोपा प्रश्न होता. लहानपणीची भोकं दिवसभर रिकामी राहिली तरी बुजत नाहीत.

थंडीचीही भीती लोक घालतात. वर जाताना दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे ४,००० मीटरवर जमिनीपेक्षा पंचवीस-सव्वीस अंश कमी. धातू गार लागतो, तेवढंच. एवढ्याशा वेळात छोट्या स्टडमुळे कातडी गोठत नाही.

खरा जोर पट्ट्यांचा

मुख्य पॅराशूट उघडतं तेव्हा काही सेकंदांत वेग गळून पडतो. नीट, मऊ उघडलेलं पॅराशूटसुद्धा क्षणभर अंगाचं वजन दोन-तीन पट करून दाखवतं. झटक्याने उघडलं तर आणखी जास्त. या झटक्याने एक ग्रॅमचा दागिना तीन ग्रॅमचा होतो, त्याने काही बिघडत नाही. पण साठ किलोचं शरीर दीडशे-पावणेदोनशे किलोचं होतं आणि तो सगळा भार हार्नेसच्या, म्हणजे अंगावर बांधलेल्या साजाच्या, रुंद, जाड विणीच्या पट्ट्यांवर येतो. हे पट्टे मांड्यांभोवती, छातीवरून, खांद्यांवरून आणि काही हार्नेसमध्ये पोटावरूनही जातात. झटका बसला की शरीर हार्नेसमध्ये खाली बसतं, म्हणजे शरीराच्या हिशेबाने पट्टे वर सरकतात.

मुद्दा या सरकण्यात आहे. नुसता दाबणारा पट्टा बारबेलची गोळी आत रुतवतो. दुखतं, पण दागिना आणि कातडी एकत्र असतात. सरकणारा पट्टा त्याच गोळीला अडकवून आपल्याबरोबर ओढत नेतो आणि कातडी मागे राहते. कपड्यांच्या आत असल्यामुळे पियर्सिंग वाऱ्यापासून वाचतं, पट्ट्यापासून वाचत नाही. म्हणून चेहऱ्यावरच्या चमकीपेक्षा झाकलेली बेंबी जास्त धोक्यात होती.

'काढून ठेवा' हे पुरेसं उत्तर का नाही

बहुतेक ठिकाणी एकच सूचना मिळते: सगळे दागिने काढून या. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी यांच्यासाठी ती अगदी बरोबर आहे. अंगठी अडकून बोट सोलवटल्याच्या जखमा फार वाईट असतात, तिथे सवलत नाहीच. पण पियर्सिंगचा दागिना काढायचा की नाही हे भोकाच्या वयावर ठरतं.

टोचलेली जागा बाहेरून आत भरत येते. वरून कातडी छान, कोरडी दिसू लागते आणि आत बोगद्याचं अस्तर अजून कच्चंच असतं. कानाच्या पाळीला साधारण सहा ते आठ आठवडे पुरतात, जिभेला चार ते सहा. कूर्चेला आणि बेंबीला मात्र सहा महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. कच्च्या भोकातून दागिना काढला तर ते काही मिनिटांत आकसू लागतं. तासाभराने पुन्हा बार घालायला गेलं की आतलं नवं अस्तर फाटतं. म्हणजे उडीत जी इजा होऊ नये म्हणून दागिना काढला, ती इजा आपणच आपल्या हाताने करतो. काढायचं नाही आणि ठेवलं तर पट्ट्याखाली येतं, अशी जी कोंडी होते, त्या वेळी बहुतेक वेळा उडी पुढे ढकलणं हेच उत्तर असतं. ते कुणालाच ऐकायचं नसतं.

कान, नाक, जीभ

कानाच्या कडेची रिंग उडीच्या दोन आठवडे आधी बदलून घ्यायला सांगितली आणि ती घरी नाही, पियर्सरकडून. रिंग गोल फिरते, तिच्यातून केस जातात, गॉगलचा इलॅस्टिक पट्टा जातो आणि बाहेर आलेला तो अर्धगोल कशातही अडकायला तयार असतो. पियर्सरने तिथे सपाट पाठीचा, आखूड दांडीचा टायटॅनियम स्टड बसवला. टायटॅनियम एएसटीएम एफ१३६ या प्रतीचं, म्हणजे शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी वापरतात ते. दोन आठवड्यांचं अंतर यासाठी की बदलताना आलेली सूज आणि हुळहुळेपणा उडीच्या दिवसापर्यंत उतरावा. आदल्या संध्याकाळी दागिना बदलून येणारे लोक कानाची सगळ्यात नाजूक अवस्था सोबत घेऊन येतात.

नाकातली चमकी तशीच ठेवली. दीड वर्षाची, आतून सपाट चकती असलेली, न हलणारी. वाकड्या तारेची असती तर बदलायला लावली असती, कारण तारेचं आतलं टोक नाक पुसताना निसटतं आणि वरच्या थंड हवेत नाक हमखास वाहतं. चमकीचा खरा प्रश्न वेगळाच होता. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. तिथून काही मिनिटांत खाली येताना कान दडे बसल्यासारखे होतात आणि मग माणूस काय करतो? नाक चिमटीत धरून दाबतो आणि फुंकर मारतो. हातमोजा घातलेल्या बोटांनी चमकी आत रुतवून. तिला आधीच जबडा पुढे-मागे करून, आवंढा गिळून आणि जांभईचा आव आणून कान मोकळे करायला शिकवलं. पुढे उडीच्या दिवशी विमान वर चढत असतानाच तिने ते करून पाहिलं.

जिभेची बारबेल काढायची ठरली. फ्री फॉलमध्ये, म्हणजे मुख्य पॅराशूट उघडण्याआधी खाली पडताना, लोक तोंड उघडून ओरडतात, आणि ओरडावंच. पण पॅराशूट उघडण्याच्या झटक्याने किंवा जमिनीवर बसताना जबडा अचानक मिटतो. दातांच्या मध्ये धातूची गोळी असली तर दाताचा टवका उडतो, आणि गोळी सैल होऊन सुटली तर घशात जाण्याची भीती. दोन वर्षांचं पियर्सिंग तास-दोन तास मोकळं राहू शकतं. पण जिभेचं भोक इतर जागांपेक्षा लवकर आकसतं, म्हणून हार्नेस चढवायच्या अगदी आधी, हात साबणाने धुऊन बारबेल काढायची, झाकणाच्या डबीत ठेवायची, डबी जमिनीवर राहणाऱ्या माणसाकडे द्यायची आणि उतरल्यावर पाणी पिण्याआधी परत घालायची, असा क्रम ठरला.

बेंबी

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला. आमच्या प्रवासी-हार्नेसला पोटावरून जाणारा पट्टा होता. तिचं म्हणणं असं की तिच्याकडे रुंद वॉटरप्रूफ मेडिकल टेप आहे, ती आडवी-उभी लावली की दागिना हलणारच नाही. टेप दागिन्याला कातडीशी बांधते, हे खरं. पण पट्टा सरकतो तेव्हा टेपला, दागिन्याला आणि वरच्या कातडीला एकत्र ओढतो. मग ओढ कमी होत नाही, फक्त मोठ्या भागावर पसरते. शिवाय दहा आठवड्यांच्या ओलसर जागेवर हवाबंद टेप लावली की आत घाम साचतो आणि काढताना तिचा चिकट भाग बारबेलच्या गोळीसकट निघू पाहतो.

तिने पुढे विचारलं, "मग पोटावरचा पट्टा थोडा सैल ठेवता येईल का?" प्रश्न निरागस होता, पण या प्रकरणातली सगळ्यात धोकादायक सूचना हीच होती. प्रवासी हार्नेसमधून निसटू नये म्हणून त्याचा प्रत्येक पट्टा असतो. सामान दागिन्याच्या सोयीने लावायचं नसतं. दागिना सामानाच्या सोयीने बदलायचा, नाही जमलं तर उडी थांबवायची.

तरीही तोंडी निर्णय देण्यापेक्षा करून पाहणं बरं. म्हणून तिला जमिनीवरच हार्नेस चढवला आणि चार स्थितींमध्ये पट्टा कुठे बसतो ते पाहिलं. सरळ उभी असताना तो बेंबीच्या दोन बोटं खाली होता. तिचा चेहरा खुलला. नंतर बाकावर पालथं झोपून, पोट खाली आणि हात-पाय मागे उचलून फ्री फॉलची कमान करायला सांगितली. पोट पुढे आलं, पट्टा ताणला गेला, पण जागा फारशी बदलली नाही. तिसऱ्या वेळी तिला सरावाच्या टांगत्या फ्रेमला अडकवलं. पाय स्टुलावर टेकवून, म्हणजे अर्धंच वजन हार्नेसवर. मांड्यांचे पट्टे घट्ट झाले, शरीर खाली बसलं आणि पोटावरचा पट्टा टी-शर्टला सोबत घेऊन सावकाश वर आला. बेंबीवर येऊन तो तिथेच थांबला. तिने श्वास रोखला आणि म्हणाली, "हो, आलं. बरोबर त्याच्यावर." लगेच उतरवलं. चौथी स्थिती उतरतानाची, गुडघे छातीकडे आणि पाय समोर. बसूनच पाहिली. तिच्यात पोटाची घडी पडते आणि पट्ट्याची कड घडीत शिरते. म्हणजे एकाच उडीत दोनदा, पॅराशूट उघडताना आणि जमिनीवर टेकताना, बारबेलवर भार येणार होता.

मधे भोक असलेली फोमची गादी ठेवून पाहायचा आग्रह तिचाच. वाईट कल्पना नव्हती. पायाच्या कुरूपावर अशी चकती लावतात, तेच तत्त्व. पुन्हा टांगून पाहिलं, याही वेळी पाय स्टुलावर. गादी टी-शर्टबरोबर सरकली आणि तिची आतली कड खालच्या गोळीवर आली. स्थिर दाबासाठी गादी ठीक, सरकणाऱ्या पट्ट्यासाठी नाही.

तिच्या पियर्सरशी फोनवर बोललो. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी इन्स्ट्रक्टरांना सहसा ठाऊक नसते. बेंबीच्या वरच्या कडेची कातडी पातळ असते. कच्च्या अवस्थेत तिला एकदा जोरात ओढ बसली तर तेव्हा रक्त न येताही बार पुढच्या काही आठवड्यांत वर वर सरकू लागतो आणि शेवटी शरीर तो बाहेर ढकलतं. मागे उभा व्रण राहतो आणि त्या जागी पुन्हा टोचणं अवघड होतं. म्हणजे उडीनंतर 'काही झालं नाही' असं म्हणून घरी गेलेल्या माणसाचं नुकसान नंतर कळू शकतं.

तिच्यापुढे दोन रस्ते ठेवले. बेंबीचा दागिना कायमचा काढायचा, जागा पूर्ण भरू द्यायची आणि मग उडी घ्यायची. किंवा पियर्सिंग पूर्ण बरं होईपर्यंत थांबायचं. तिच्यासोबत आलेल्या मैत्रिणी त्या दिवशी उडणार होत्या आणि ती एकटी खाली राहणार होती. डोळे भरून आले तिचे. अशा वेळी 'बघू, होईल काहीतरी' म्हणायचा मोह होतो. पण नाही म्हणायची जबाबदारी इन्स्ट्रक्टरची आहे. प्रवाशाला टांगत्या फ्रेमवर जे जाणवलं, ते हजारो फुटांवर जाणवून उपयोग नसतो. तिने थांबायचं ठरवलं.

दुसरी तारीख

सात महिन्यांनी ती परत आली. बेंबीची जागा पियर्सरने तपासली होती. स्राव नाही, लाली नाही, दाबल्यावर दुखणं नाही, बार सहज हलतो. दागिना पूर्ण काढता आला असता, पण पहिल्या वर्षाच्या आत बेंबी पटकन आकसते म्हणून पियर्सरने धातूच्या जागी पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, मऊ, वाकणारा, सपाट टोकांचा रिटेनर (भोक बुजू नये म्हणून दागिन्याऐवजी घालायची दांडी) घातला. काचेचे रिटेनरही मिळतात आणि एरवी चांगले असतात. पट्ट्याखाली काच नको, एवढंच आमचं म्हणणं. वरून शिवण नसलेला सुती बनियन, विजारीत खोचलेला. पुन्हा चार स्थिती, पुन्हा टांगती फ्रेम, या वेळी पूर्ण वजनाने. पट्टा बेंबीवर आलाच, पण त्याला अडकवायला काही नव्हतं. "दाब कळतोय, ओढ नाही," हे तिचे शब्द.

मग सहावं पियर्सिंग निघालं. त्या सकाळी प्रवाशांना एकेकटं बाजूला घेऊन आमची सहकारी एक प्रश्न विचारत होती: "कपड्यांच्या आत, पट्टा जाईल अशा जागी, कुठलाही धातू आहे का? कुठे ते सांगू नका, नुसतं 'आहे' म्हणा." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आहे." सात महिन्यांपूर्वी तिला विचारलं होतं ते 'पियर्सिंग कुठे कुठे आहेत' असं, चारचौघांत, आणि तिने सांगता येतील तेवढे सांगितले होते. तिचं काही चुकलं नव्हतं. स्तनाग्रातली किंवा जांघेतली पियर्सिंग अनोळखी माणसासमोर कुणी मोजून दाखवत नाही. पण छातीवरचे आणि मांड्यांचे पट्टे नेमके तिथूनच जातात आणि उघडताना सगळ्यात जास्त भार मांड्यांच्या पट्ट्यांवरच असतो. म्हणून प्रश्न जागेबद्दल न विचारता पट्ट्याबद्दल विचारायचा आणि पट्टे आवळण्यापूर्वी विचारायचा. पट्टे आवळल्यावर कोणी सांगत नाही, सहन करतं.

तिच्या स्तनाग्रातली बारबेल तीन वर्षांची, जागा पूर्ण बरी झालेली होती. बंद खोलीत तिनेच ती काढली. लेसच्या जाळीची अंतर्वस्त्रं असतील तर तीही बदलायला सांगतो, कारण बारबेल ठेवायची असेल तर जाळीत गोळी अडकते आणि झटका पट्ट्याऐवजी कपड्यातून बसतो.

कानाचं पियर्सिंग आता वर्षभराचं झालं होतं. तरी झाकलं. केस मागे घेऊन घट्ट वेणी घातली. नखाएवढा कापसाचा न चिकटणारा तुकडा स्टडच्या डोक्यावर ठेवला, म्हणजे चिकटपट्टी धातूला लागणार नाही. त्यावर कागदी मेडिकल टेप, कानाच्या पुढच्या बाजूने सुरू करून कडेवरून मागे, आणि मागचं टोक अर्धा सेंटिमीटर दुमडून ठेवलं. हे दुमडलेलं टोक उतरल्यावर बोटांना सापडतं, नखांनी खरवडावं लागत नाही. गॉगलचा पट्टा कानावरून न नेता त्याच्या वर, डोक्याच्या रुंद भागावरून नेला.

उडी छान झाली. विमानात प्रवाशाला इन्स्ट्रक्टरशी जोडणारे कमरेजवळचे हुक आवळताना पोटाच्या पट्ट्यावर तिने स्वतः हात ठेवला आणि ठीक असल्याची खूण केली. पॅराशूट मऊ उघडलं. त्यानंतर खालचे हुक जरा सैल करून प्रवाशाला आरामात बसू देतात. ते करण्याआधी तिला सांगितलं, म्हणजे शरीर अचानक घसरून पट्ट्याला हिसका बसू नये. उतरताना पाय वर, बसक्या घसरणीने जमिनीवर.

आणि मग जमिनीवर, सगळं संपल्यावर, आनंदाच्या भरात तिने दोन्ही हातांनी गॉगल कपाळावरून मागे ओढून काढला. पट्टा कानाच्या कडेवर आला, टेपच्या दुमडलेल्या टोकात अडकला आणि टेप कापसासकट, स्टडला हिसका देऊन निघाली. चार किलोमीटर उंचीवरून येऊन पियर्सिंगला जो काही धक्का बसला, तो एवढाच, आणि तो जमिनीवर, स्वतःच्या हाताने. मला यात नवल वाटत नाही. अंगात ॲड्रेनॅलिन असतं, दुखणं कळत नाही, बोटं गार असतात. गॉगल आणि टोपी दुसऱ्याने, पुढून वर उचलून काढायची, हा नियम म्हणून आता पक्का आहे.

रक्ताचा एक थेंब, दागिना जागेवर. ०.९ टक्क्यांच्या निर्जंतुक सलाईनने धुतलं, कोरडं केलं, हात लावू नको म्हटलं. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पियर्सर्सचाही सल्ला हाच असतो: सलाईन, आणि दागिना फिरवत बसू नका. स्टड काढायचाही नाही. जागा चिघळली आणि दागिना बाहेर असेल तर भोक वरून मिटतं आणि पू आत अडकतो. पाळी किंवा कातडी फाटलीच असती, तर स्वच्छ गॉजने दाबून धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागला असता, दागिना परत घालायचा प्रयत्न न करता.

कूर्चेच्या बाबतीत काय पाहत राहायचं, हे तिला लिहून दिलं. कानाचा वरचा भाग लाल, गरम, सुजलेला, ठणकणारा आणि खालची पाळी मात्र नेहमीसारखी, असं दिसलं तर कूर्चेच्या आवरणाला संसर्ग झाल्याची शंका घ्यायची. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथला संसर्ग वेगाने कानाचा आकार बिघडवू शकतो. तेव्हा सलाईनवर भागत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. तिच्या कानाला तसं काही झालं नाही. भोकाशेजारी एक छोटा गाठीसारखा फुगवटा आला, तो काही आठवडे राहून बसला. बेंबीत पुन्हा धातूची बारबेल गेली.

आता तिला स्वतःच्या पॅराशूटने उडायला शिकायचं आहे. त्यात प्रवासी-हार्नेसचा पोटावरचा पट्टा नसेल, पण कडक हेल्मेट असेल, प्रत्येक उडीला घालायचं आणि काढायचं. ते कानांवरून घासतच चढतं. आत पातळ, शिवण नसलेली टोपी घालायची, हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेर ताणून धरायच्या आणि कानाचा स्टड सपाट पाठीचाच ठेवायचा, असं तिला सांगितलं आहे. जिभेची बारबेल मात्र शिकत असेपर्यंत मैदानावर आणायचीच नाही. उतरताना चुका होतील, गुडघे हनुवटीला लागतील, आणि इन्स्ट्रक्टरने रेडिओवर सांगितलेलं ऐकून वळायचं त्या वेळी तोंडात काय आहे याचा विचार तिला करावा लागू नये.